कोरडी ओल

खरवड

आधी खरवडायचं. जुने पोपडे तसेच ठेवून वर रंग मारला की तो वर्षभरात तोंडावर पडतो, असं आमचा रंगारी म्हणतो. आमचा रंगारी म्हणजे माझा नवरा. म्हणून मीही आधी खरवडते, मग सांगते.

साठ दिवसांत घर रिकामं करा, असा कागद आला. कारण, दुरुस्ती. दुरुस्ती झाल्यावर आम्ही परत राहायला येऊ का? या की, नव्या भाड्याने. नवं भाडं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढं दिल्यावर घराबरोबर मालकालाही ठेवून घेऊ, झाडलोटीला."

अकरा वर्षं याच वस्तीत काढली. सासूबाईंच्या गुडघ्यांचा दवाखाना कोपऱ्यावर. मुलीची शाळा सात मिनिटांवर, आणि शाळेसमोर धुलाईचं दुकान, जिथे मी रफू करते आणि डाग काढते. मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. नऊ वर्षांची आहे. ओल असलेल्या खोलीत झोपली की तिची छाती शिट्टी वाजवते. म्हणून आमच्या अटी दोनच होत्या. वस्ती हीच, आणि भिंत कोरडी. माणसाने याहून कमी काय मागायचं?

मी जाहिराती मोठ्याने वाचायची आणि सासूबाई अर्थ सांगायच्या. "आटोपशीर" म्हणजे हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. "शांत" म्हणजे खिडकी नाही. "हवेशीर" म्हणजे खिडकी आहे, काच नाही. "सभ्य कुटुंबास प्राधान्य" म्हणजे आपण सोडून कोणीही. "परवडणारे."

"याचा अर्थ काय, आई?"

"कुणाला, ते लिहायला जागा पुरली नाही त्यांना."


खड्डे

पहिलं घर. न्हाणीघरातच शेगडी. "अंघोळ करता करता भाजी हलवता येते," दाखवणारा माणूस म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

दुसरं घर. बरं होतं. मालकीणबाई खुर्चीवर, आम्ही उभे. किती माणसं? मुलं किती? म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय का? खिळणार आहे का? पाहुणे येतात का? का येतात? नवरा काय करतो?

"रंगारी आहे."

"म्हणजे घरात वास येणार."

"वास कामावर ठेवून येतो तो."

"दुसरीकडे बघा."

तिसरं घर पाहायचं राहिलंच. जिना चढताना वरून आठ माणसं उतरत होती, प्रत्येकाची नजर आपापल्या चपलांवर. त्यावरूनच कळलं, गेलं.

चौथं, ओल. पाचवं, ओल. सहावं, ओल आणि वर मालकाचं म्हणणं, "ती ओल नाही हो, डिझाइन आहे."

सातवं

सातव्याबद्दल बोलतच नाही.


पहिला हात

साठातले एकतीस दिवस गेले होते, तेव्हा नवरा घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊन उभाच राहिला. बसेना.

"शाळेमागच्या गल्लीत," तो म्हणाला, "तिसरा मजला. दोन खोल्या. पूर्वेला खिडकी. एक निवृत्त बाई राहायच्या, त्या मुलाकडे गेल्या."

"भाडं?"

त्याने सांगितलं. मी सुई ठेवून दिली. ते आमच्या आवाक्यातलं होतं. जरा चवड्यांवर उभं राहून, पण आवाक्यातलं.

त्या इमारतीच्या खोल्या भाड्याने देणारा एजंट म्हणजे जुडगा. त्याचं खरं नाव काहीही असो, कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा लटकलेला असतो की तो यायच्या आधी आवाज येतो. वस्तीतल्या निम्म्या घरांच्या चाव्या त्याच्याकडे, आणि भाडेकरू बदलला की रंग द्यायचं काम माझ्या नवऱ्याकडे. जुडग्याचा हुकूम दरवेळी तोच. "दोन दिवस. एक हात. उरक." हात म्हणजे रंगाचा एक थर. पोपडे असोत, बुरशी असो, त्यावरून एक हात. फोटोत पांढरं दिसलं की झालं.

"मी विचारलं त्याला," नवरा म्हणाला. "म्हटलं, साहेब, हे घर आम्हालाच द्या की."

"मग?"

"म्हणाला, तू काम नीट कर, मग बघू. तू काय परका आहेस का."

मी ते वाक्य दोनदा ऐकलं. त्यात कुठेही हो नव्हतं. माझं कामच भोकं शोधायचं आहे, कापड उजेडासमोर धरलं की मला लगेच दिसतात. पण त्या दिवशी मी ते वाक्य उजेडासमोर धरलं नाही. धरायला हवं होतं. माझा राग सगळ्यात आधी माझ्यावर आहे, हे इथेच लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्यांची पाळी निवांत येईल.


दुसरा हात, तिसरा हात

जुडगा दोन आठवड्यांसाठी बाहेरगावी गेला. नवऱ्याने दोन दिवसांचं काम नऊ दिवस केलं.

त्याने भिंती गिलाव्यापर्यंत खरवडल्या. निजायच्या खोलीतली ओल कुठून येते ते शोधायला शिडी लावून बाहेरून चढला. छपराचं पाणी खाली नेणारा पाईप सांध्यात फुटला होता आणि कित्येक वर्षं भिंत पाणी पीत होती. त्याने सांधा बदलला, भिंत पंखा लावून चार दिवस सुकवली, मग पुट्टी, घासकाम, पुन्हा पुट्टी. रुतून बसलेल्या खिडक्या उतरवून, तासून, परत बसवल्या. आता करंगळीने उघडतात, म्हणाला. स्वयंपाकाच्या ओट्यावर सासूबाईंच्या उंचीला एक फळी ठोकली, म्हणजे वाकायला नको. दोन दिवसांची मजुरी ठरलेली, बाकी सगळं त्याच्या पदरचं, तेही दुसऱ्या दोन कामांना नाही म्हणून.

रविवारी आम्ही सगळे बघायला गेलो. सासूबाईंनी पायऱ्या मोजल्या. चोपन्न. "रोज दहा दहा वाढवत जाईन," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या जुन्या जिन्यावर खरोखर सराव सुरू केला. शेजारच्या बाईने विचारलं, "आजी, स्पर्धेला उतरताय का?" तर म्हणाल्या, "उतरत नाहीये गं, चढतेय."

रंग मी निवडला. पांढरा, पण त्यात पिवळ्याचे इतके कमी थेंब की कुणाला सांगता येऊ नये आणि तरी सकाळी खोली उबदार दिसावी. भिंगरी जमिनीवर उताणी पडली, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "वाजत नाहीये."

नवरा खिडकी उघडझाप करून दाखवत होता. दहादा. लहान मुलासारखा. इतक्या वर्षांत कुणी त्याला एका हाताहून जास्त मागितलंच नव्हतं. तो काय करू शकतो ते मीसुद्धा प्रथमच बघत होते.

आपण राहायला येणार म्हणून त्याने घर असं केलं. जिथे दुसरे राहणार तिथे तो उरकत होता. हे मी त्या दिवशी मनात म्हटलं नाही, पुढे म्हटलं.


वाळू द्या

जुडगा आला. दारातच थांबला. चाव्या वाजायच्या थांबल्या.

"अरे," तो म्हणाला.

खिडकी करंगळीने उघडून पाहिली. भिंतीवरून तळवा फिरवला. ओट्यावरची फळी बघून शिट्टी वाजवली. मग फोन काढला आणि फोटो घेत सुटला, कोपऱ्या-कोपऱ्यातून, गुडघ्यावर बसून, पार आडवं होऊन.

"साहेब, मग आमचं ते..." नवरा म्हणाला.

"बघतो म्हटलं ना. मालकाशी बोलावं लागेल. आता हे घर काही ते घर राहिलं नाही, बाबा. तूच बघ की."

दुसऱ्या दिवशी जाहिरात आली. मी ती दुकानात, एका कोटाच्या खिशाचं अस्तर शिवता शिवता वाचली. "संपूर्ण नूतनीकरण. सूर्यप्रकाश. ओलमुक्त. कारागिरीची आवड असणाऱ्यांसाठी." आणि भाडं दीडपट. गुरुवारी पाच वाजता सर्वांसाठी खुलं.

सुई बोटात गेली. कोटावर रक्ताचा ठिपका पडला. रक्त ताजं असेपर्यंत गार पाण्याने निघतं, गरम पाण्याने पक्कं होतं. मी गार पाणी लावलं. कोट स्वच्छ झाला.


गुरुवार, पाच

एकतीस माणसं. मी सतरावी. रांग जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत.

नवरा आतच होता. दाराच्या चौकटीला शेवटचा हात द्यायला जुडग्याने मुद्दाम पाचलाच बोलावलं होतं, ताज्या रंगाचा वास असला की माणसं लवकर भुलतात म्हणून. आणि ताकीद, बघायला येणाऱ्यांशी बोलायचं नाही. म्हणून मी आत शिरले तेव्हा माझा नवरा शिडीवर होता, हातात ब्रश, आणि आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो.

माझ्यापुढे एक तरुण जोडपं होतं. मुलीने भिंतीला गाल लावला. खरंच, गाल. "बघ ना," ती तिच्या माणसाला म्हणाली, "किती प्रेमाने केलंय कुणीतरी."

मी शिडीकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"कोणी केलंय हे काम?" मी मोठ्याने विचारलं.

"आमची टीम आहे, ताई," जुडगा म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. कोट टाकायला महिन्यातून दोनदा दुकानात येतो, पण काउंटरच्या पलीकडचं तोंड कोण लक्षात ठेवतं?

"टीममध्ये किती माणसं आहेत?"

"भरपूर."

शिडीवर भरपूर माणसं गप्प उभी होती. त्यांच्या ब्रशवरून एक थेंब माझ्या चपलेवर पडला. पांढरा, किंचित पिवळसर.

मग जुडग्याने चिठ्ठ्या वाटल्या. "ज्याला जेवढं झेपतंय तेवढं भाडं लिहा, खाली नाव आणि फोन. कुणावर सक्ती नाही." एकतीस माणसं एकमेकांपासून चिठ्ठ्या लपवत, पोरं परीक्षेत लपवतात तशी, त्या भिंतींना टेकून लिहायला लागली. माझ्या नवऱ्याने तीनदा घासलेल्या भिंतींना कागद टेकून. एकाच्या पेनाने भिंतीवर रेघ उमटली. नवरा नकळत एक पायरी खाली उतरला, फडकं घेऊन. मग परत वर गेला.

मी लिहिलं ते जुनं भाडं. नवरा घरी घेऊन आला होता तेच.

जुडग्याने चिठ्ठी उघडली आणि हसला. वाईट हसला नाही. हेच सहन होत नाही, तो वाईट माणसासारखा हसलाच नाही. "ताई, हे मागच्या महिन्याचं भाडं झालं. घर बघा ना कसं आहे!"


घरी

"तू कशाला इतकं चांगलं केलंस?"

मी म्हटलं हे. बावीस वर्षं ज्याचे हात रंगाने उललेत त्या माणसाला मी ओरडून म्हटलं, तू कशाला चांगलं केलंस. एकच हात मारला असतास, बुरशी झाकली असतीस, खिडक्या रुतू दिल्या असत्यास, तर एकतीस माणसं आली असती का? भाडं वाढलं असतं का? घर आपलं असतं आणि मग आत राहून केलं असतंस काय करायचं ते!

"ओल असलेल्या घरात पोरीला न्यायचं होतं का मी?"

"आता कुठे नेणार आहेस?"

"तो म्हणाला होता, नीट कर."

"तो म्हणाला होता, बघू!"

"आपलेच दात, आपलेच ओठ," सासूबाई म्हणाल्या. त्या गुडघ्याला शेक देत होत्या. चाळीस पायऱ्यांपर्यंत पोचल्या होत्या. "आता त्याला चावून काय मिळणार आहे, अगं? चावायचं तर त्या चाव्यावाल्याला चाव."

भिंगरीने विचारलं, "बाबा, मग त्या फळीवर आता कोण डबे ठेवणार?"




तळमजला, मागची बाजू

अकरा दिवस उरले तेव्हा जुडग्याचाच फोन आला. नवऱ्याला म्हणाला, "तुझं काम आवडलं मालकाला. तुम्हाला घर हवं होतं ना? त्याच इमारतीत तळमजला, मागची बाजू. रिकामंच पडलंय. दोन वर्षांपूर्वी तूच रंगवलंयस, तुला माहीतच आहे."

त्याला माहीत होतं. दोन दिवस, एक हात, उरक. बुरशीवरून.

भाडं आवाक्यातलं. वस्ती तीच. शाळा आता चार मिनिटांवर. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आम्ही तर चाव्यांचेही धरले. अकरा महिन्यांचा करार, शेवटच्या महिन्यात एजंट येऊन घराची अवस्था बघणार आणि पुढचं भाडं ठरवणार. सही केली. सासूबाई एकच पायरी चढून घरात आल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्या त्रेपन्न वाया गेल्या माझ्या."

तिसऱ्या दिवशी भिंगरीची छाती वाजायला लागली.

रविवारी नवऱ्याने पलंग बाजूला ओढला आणि स्वतःचाच रंग खरवडायला घेतला. रंग पापुद्र्यासारखा सुटत आला. खाली काळी-हिरवी बुरशी, आणि तिच्या कडेला, गिलाव्यावर, पेन्सिलीने बारीक अक्षरात: ओल आहे. आधी सुकवा. मग रंग. आणि तारीख, दोन वर्षांपूर्वीची.

"हे काय?"

"आम्ही लिहितो असं. रंगाखाली. पुढच्या रंगाऱ्याला कळावं म्हणून."

"आणि तिथे राहणाऱ्याला?"

तो खरवडत राहिला.

"मधली दोन वर्षं इथे कोण होतं?" मी विचारलं. "त्यांच्यात लहान मूल होतं का?"

"मला नाही माहीत."

"विचारलं नाहीस?"

"मला दोन दिवसांचे पैसे देतात," तो म्हणाला, "राहणाऱ्यांची चौकशी करायचे नाही देत." आणि खरवडायचा पत्रा फेकून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. नळाच्या आवाजात माणूस रडतो की शिव्या देतो ते कळत नाही. मी विचारलंही नाही.


माझा धंदा

त्याने ओल बरी केली. या वेळी महिनाभर लागला. बाहेरून जमिनीलगत चर खणला, भिंतीच्या पायथ्याला जलरोधक थर दिला, आतून सगळा गिलावा काढून नवा केला. आम्ही मधल्या खोलीत चौघं, भांड्यांसकट. भिंत वाळली. भिंगरीची छाती गप्प झाली. मग त्याने एका सकाळी रंगाचा डबा उघडला. पांढरा, किंचित पिवळसर. उरलेला, वरच्या मजल्याचा.

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"हे तू आता सुंदर करणार."

"मग?"

"मग दहा महिन्यांनी जुडगा येणार आणि म्हणणार, अरे."

तो ब्रश हातात घेऊन उभा राहिला. त्याला समजलं होतं, पण समजून घ्यायचं नव्हतं.

"आपण ओल परत आणायची," मी म्हटलं. "वरवरची. कोरडी."

"मी डाग घालवतो," तो म्हणाला. "घालत नाही."

"डाग माझा धंदा आहे. तू फक्त ब्रश धर."

तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला तो पुठ्ठ्यावर. शनिवारी एक पुठ्ठा रंगवून पुढ्यात ठेवला, तपकिरी धब्बा. मी बघितलं आणि म्हटलं, "हा चहा सांडलाय. ही ओल नाही." ओलीचा डाग मधे फिका असतो आणि कडेला गडद. पाणी पसरत जातं, जिथे थांबतं तिथे सगळी घाण सोडतं. आणि एकच कड नसते. पाणी दरवेळी नव्या जागी थांबतं, म्हणून एकात एक कडा, झाडाच्या खोडासारख्या. असे हजार डाग मी काढलेत. एकही घातला नव्हता.

दुसरा पुठ्ठा बरा. तिसऱ्यावर त्याने कडेला चुन्याची पांढरी भुकटी उमटवली, क्षार फुटल्यासारखी, आणि जुन्या दातांच्या ब्रशने काळे बारीक ठिपके उडवले. बुरशी. माझा हात फडक्याकडे गेला, इतकी खरी.

मग भिंतीवर. तीन रविवार. सासूबाई खुर्ची टाकून परीक्षक.

"ही ओल फार आनंदी दिसते रे. जरा पिचलेली कर."

"आई, ओल पिचलेली कशी दिसते?"

"माझ्याकडे बघ."

तो हसला. कित्येक महिन्यांनी. मग त्याने कोपऱ्यात, छताजवळ, एक पोपडा केला. कागदाच्या पातळ तुकड्यावर रंगाचे थर देऊन तो असा चिकटवला की आत्ता पडेल, आत्ता पडेल वाटावं. तो पडणार नव्हता. त्या पोपड्यावर त्याने पूर्ण दिवस घालवला. काम संपल्यावर मागे सरून, मान वाकडी करून, भिंतीकडे बघत राहिला. वरच्या मजल्यावरची खिडकी दहादा उघडताना होता, तोच चेहरा.

आणि तेव्हा मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. इतकी बारीक नजर, इतका हळू हात, आणि वापरायचा कशासाठी तर घर घाणेरडं दिसावं म्हणून. म्हणजे आम्हाला ते राहू देतील म्हणून.


तालीम

"भिंगरे, एजंटकाका आले की काय करायचं?"

"खोकायचं."

"करून दाखव."

तिने खोकून दाखवलं. नाटकात मरणाऱ्या राणीसारखं.

"एवढं नको. दोनदाच."

तिने दोनदा खोकून दाखवलं. हुबेहूब. तिला कसं वाजतं ते ठाऊक होतं ना. मी माझ्या मुलीला खोकायला शिकवत होते. ज्या खोकल्यापासून तिला वाचवायला आम्ही हे सगळं केलं, तोच.

"बास," मी म्हटलं. "नको खोकूस. तू त्या दिवशी आजीबरोबर दवाखान्यात जा."


शेवटचा हात

अकराव्या महिन्यात चाव्या वाजल्या.

जुडगा आत आला, निजायच्या खोलीच्या दारात थांबला, नाक मुरडलं. तिथे कसलाही वास नव्हता. तरी मुरडलं. डोळ्यांनी वास घेणारी माणसं असतात.

"अरेरे," तो म्हणाला. भिंतीच्या जवळ गेला नाही. लांबूनच फोटो काढला, एक. "अजून आहे का ओल?"

"आहे ना," मी म्हटलं. "पावसात वाढते."

"आणि हे काय रे? तू रंगारी ना? स्वतःच्या घराची ही अवस्था? वर तिसऱ्या मजल्यावर कसलं काम केलं होतंस! अजून लोक विचारतात. हे तुला बरं करता येत नाही?"

मी नवऱ्याकडे बघितलं. शिडीवर नव्हता तो आज, जमिनीवर होता, माझ्या शेजारी. तो भिंतीकडे बघत होता. त्या कोपऱ्याकडे, जिथे तो एका दिवसाचा पोपडा आत्ता पडेल, आत्ता पडेल असा लटकत होता. त्याचा जबडा हलला. मला वाटलं, आता हा सांगणार. आता हा ओरडून सांगणार की मीच केलंय, हात लावून बघ, बोट फिरव, आख्ख्या शहरात असं कुणी करून दाखव.  मला भाडं वाढायला नको होतं. आणि तितकंच हेही हवं होतं की त्याने सांगावं.

"नाही जमलं, साहेब," तो म्हणाला. "तेव्हा जमून गेलं. आता हात गेला माझा."

"तरी म्हटलं," जुडगा म्हणाला, "अलीकडे तुझ्या कामात ती मजा नाही. मग तुझा दरही जरा बघावा लागेल आपल्याला, काय?" त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. "जाऊ दे. भाडं तेच ठेवतो. माणुसकी म्हणून. पुढचे अकरा महिने."

"आभारी आहे," मी म्हटलं.

मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

चाव्या गल्लीतून वाजत लांब गेल्या. वर, तिसऱ्या मजल्यावर, कुणीतरी खिडकी उघडली. आवाज झालाच नाही, फक्त काचेवरून उन्हाचा एक तुकडा आमच्या दारासमोरून सरकून गेला.

नवरा डबा घेऊन आला, बारीक ब्रश घेऊन, आणि काही न बोलता भिंतीसमोर बसला. जुडग्याने फोटो काढला तिथल्या एका कडेचा रंग नवऱ्याला फिका वाटला होता.

"राहू दे आता," मी म्हटलं. "गेला तो."

"अकरा महिन्यांनी येईल परत," तो म्हणाला. "ओल वाढायला नको का?"

मी त्याच्या शेजारी बसले. डागाच्या अगदी मधोमध तळवा ठेवला. भिंत कोरडी होती. खडखडीत. उन्हात वाळलेल्या चादरीसारखी. सबंध गल्लीत इतकी कोरडी भिंत नसेल, आणि ही गोष्ट आम्हाला कुणाच्याही बापाला सांगता येणार नव्हती.

"हात काढ," तो म्हणाला. "कडेला ओला रंग आहे."